जुन्या स्टेशन वॅगनची रास्त किंमत कशी काढायची

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, जाहिरातीतला आकडा म्हणजे मालकाची अपेक्षा, भाव म्हणजे गाडी खरंच जेवढ्याला गेली तो आकडा. त्याच मॉडेलच्या, आसपासच्या वर्षाच्या, तेच इंजिन आणि तोच गिअरबॉक्स असलेल्या पाच-सहा वॅगन (छत थेट मागच्या दारापर्यंत नेलेल्या, मागे सामानाला मोठी जागा असलेल्या गाड्या) शोधा. लिलावात किती आले ते कळलं तर उत्तमच, नाहीतर महिनाभर जाहिराती बघत राहा, जी चार दिवसांत निघते तिचा आकडा बाजाराला धरून असतो आणि जी पडूनच राहते तिचा जास्त लावलेला असतो. सेडानच्या भावावरून अंदाज बांधू नका, वॅगन लोकांनी सामान वाहून वाहून वापरून टाकलेल्या असतात त्यामुळे धड राहिलेल्या कमी, आणि हिशोब वेगळा.

आता समजा नीट चालणाऱ्या, न सडलेल्या, बिलं जपलेल्या गाडीला १०० मिळतात (रुपये नव्हे, पूर्ण भाव म्हणजे १००, पुढचे आकडे त्याच मापात). तुमच्या समोरची गाडी त्या १०० पासून किती लांब आहे एवढंच काढायचंय.

बघायला सुरुवात मागून करा. सगळे आधी बॉनेट उघडतात, पण वॅगनची खरी कहाणी डिकीत असते. कार्पेट उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि त्या खड्ड्यात हात घालून बघा. टेललाइटचं रबर गेलं की पाणी आत उतरतं आणि तिथेच साचतं, वरून पॉलिश मारलेल्या गाडीत मी तिथून बोटाने गंजाचा चिखल काढलाय. मग मागच्या चाकांवरच्या कमानी, दारांखालची पट्टी, जॅक लावायच्या जागा, डिकीच्या दाराची खालची कड. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा, जिथे धरत नाही तिथे एकतर पत्रा लोखंडाचा नाही किंवा लांबी (पुट्टी) भरलीये.

डिकीच्या दारात जाणाऱ्या वायरी बिजागरीपाशी वाकून वाकून तुटतात, म्हणून मागचा वायपर, काच गरम करायच्या तारा, नंबर प्लेटचा दिवा सगळं चालू करून बघा. सपाट जागेवर रिकामी गाडी मागे बसलेली दिसली तर स्प्रिंगा थकल्यात. मर्सिडीज १२३ च्या वॅगनसारखी हायड्रॉलिक सेल्फ लेव्हलिंग (सामान भरलं तरी मागची उंची आपोआप सारखी ठेवणारी व्यवस्था) असेल तर तो खर्च साध्या शॉकअपपेक्षा बराच मोठा. टो हुक असेल तर ट्रेलर किती ओढलाय ते विचारा आणि क्लच नीट तपासा.

इंजिन थंड असतानाच चालू करायला सांगा, मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी जा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जात असण्याची शक्यता. टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारा पट्टा) असलेलं इंजिन असेल आणि बदलल्याचं बिल नसेल तर बदललेलाच नाही असं धरा.

किलोमीटरवर फार विसंबू नका. पाच आकडी मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो, आणि व्होल्वो २४० मध्ये (१९७४ ते १९९३) मीटरमधलं छोटं प्लास्टिकचं दातेरी चाक तुटून गाडी पळत राहते पण आकडा जागचा हलत नाही, त्यामुळे पेडलचं रबर आणि सीटची कड किती झिजलीये ते बघा. टायरवर डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी ३५१७ असेल तर तो २०१७ च्या ३५ व्या आठवड्यातला, नक्षी कितीही शिल्लक असली तरी इतका जुना टायर बदलायचाच.

आता वजाबाकी. प्रत्येक कामाचा दर गॅरेजवाल्याला विचारा, मनाने लावू नका. समजा बेल्ट ६ आणि वेल्डिंग १८. टायरांचे ८ होतात, पण त्यातले ४च वजा करा कारण त्या १०० वाल्या गाडीचे टायरही काही नवे नव्हते, पूर्ण पैसे कापले तर मालकावर अन्याय होतो. गंजाला मात्र वर आणखी ६ धरा, पत्रा कापल्यावर आत नेहमी जास्त निघतं. राहिले ६६. मालक म्हणेल की मी पेंटवर एवढे घातले, तेवढेच्या तेवढे परत मिळत नाहीत, पण जुनी बिलं, दोन चाव्या, नीट भरलेलं सर्व्हिस बुक असेल तर मी आनंदाने ७० देईन. यादी मालकाला दाखवून आकडा सांगा, तुम्ही विकणारे असाल तर हीच यादी आधी स्वतःच करून ठेवा.