स्कझी स्कॅनर जोडला की हार्डडिस्क गायब: अखेर सुटलं

जुन्या पीसीत ५०-पिनी स्कझी (SCSI, एका साखळीत अनेक उपकरणं जोडायची जुनी पद्धत) केबलवर डिस्क आणि सीडी-ड्राइव्ह सुरळीत होते. स्कझी कार्डाच्या मागे स्कॅनर लावला की डिस्क दिसेना, दिसली तर कॉपी अर्ध्यात अडके. केबल बदलली, ड्रायव्हर पुन्हा टाकला. दोन रविवार वाया गेले.

आधी सगळ्यांची वीज बंद केली. मग आयडी पाहिले, म्हणजे साखळीत प्रत्येकाचा वेगळा असावा लागणारा क्रमांक: कार्ड ७, डिस्क ०. सीडी आणि स्कॅनर दोघंही ४ वर होते. सीडीचा जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) ४ च्या पिनांवरून काढला आणि १ व २ च्या पिनांवर जंपर घातले, म्हणजे बेरीज ३. मग टर्मिनेशन (सिग्नल परत फिरू नये म्हणून साखळीच्या फक्त दोन टोकांना लागणारा रोध), खरी मेख इथेच होती: स्कॅनर लागताच कार्ड साखळीच्या मधोमध येतं. केबलच्या टोकाला असलेल्या डिस्कचं चालू, मधल्या सीडीचं बंद, स्कॅनरच्या रिकाम्या पोर्टात टर्मिनेटर. स्कॅनर आधी सुरू करून कार्डाच्या सेटअपमध्ये कार्डाचं टर्मिनेशन बंद केलं, पीसी पुन्हा सुरू केला. ०, ३, ४ तिन्ही दिसले.