सागरी अभयारण्याच्या सुनावणीला जाण्याआधी

"समुद्रात अभयारण्य येतंय" ही बातमी मालवण-देवगड पट्ट्यात एकदा फुटली की संध्याकाळपर्यंत बंदरावर सभा भरते आणि दुसऱ्या दिवशी निषेधाचा बॅनर तयार असतो. हरकतीचा अर्ज मात्र मुदतीच्या शेवटच्या रात्री, कुणाच्या तरी ओटीवर, एकाच मजकुराच्या झेरॉक्सवर सह्या गोळा करत उरकला जातो. पुढची यादी त्या मधल्या दिवसांसाठी आहे. रापणकर (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे), गिलनेटवाले (पाण्यात उभं जाळं लावणारे), कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) काढणाऱ्या बाया, किल्ल्याजवळ स्कुबा चालवणारी पोरं, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळ्यांनाच ती लागू आहे. ज्यांना अभयारण्य हवंय त्यांनाही.

पहिलं काम म्हणजे सरकारी अधिसूचनेच्या मसुद्याची पूर्ण प्रत मिळवणं. व्हॉट्सॲपवर फिरणारी दोन पानं म्हणजे मसुदा नव्हे. परिशिष्टं, सीमेचं वर्णन, अक्षांश-रेखांशांचा तक्ता आणि नकाशा यांच्यासकट प्रत हवी, आणि ती छापून हवी, कारण तिच्यावर पेनाने खुणा करायच्या आहेत. प्रत इंग्रजीतच असेल तर मराठी प्रतीची लेखी मागणी त्याच दिवशी करा आणि त्या अर्जाची पोच घ्या. मराठी प्रत वेळेत आली नाही, तर मुदतवाढ मागायला तीच पोच कामाला येते.

प्रत हातात आली की आधी कायद्याचं नाव शोधा. इथे आपल्याकडे भलता गोंधळ होतो. कारखान्याच्या किंवा बंदराच्या प्रकल्पाची जनसुनावणी लोकांनी पाहिलेली असते, म्हणून याही वेळी मांडव पडेल, माईक मिळेल असं गृहीत धरलं जातं. तसं काही होईलच असं नाही. कागद पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचा असेल तर तो 1986च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली निघतो. त्यावर हरकतींसाठी 60 दिवस मिळतात आणि हरकत लेखी, दिल्लीच्या पर्यावरण मंत्रालयाकडे जाते. सुनावणीची वाट बघत बसलात तर मुदत टळून जाईल. कागद संवर्धन राखीव क्षेत्राचा असेल तर 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 36क लागतं, आणि तिथे स्थानिक लोकांशी विचारविनिमय करणं सरकारवर बंधनकारक आहे. तमिळनाडूने 2022 मध्ये पाल्कच्या उपसागरात 448 चौरस किलोमीटरचं डुगाँग (समुद्रगाय) राखीव क्षेत्र याच वाटेने केलं.

थेट अभयारण्याचा प्रस्ताव असेल तर जरा थांबून वाचावं लागतं. जमिनीवरच्या अभयारण्यात कलेक्टर जाहीरनामा काढतात, दोन महिन्यांत हक्कांचे दावे मागवतात, चौकशी करतात. सागरी हद्दीतल्या पाण्याला ही पायरी लागू नाही. पाण्यासाठी कलम 26क आहे, आणि मच्छीमाराचा सगळा आधार त्या कलमातल्या अटींवर उभा आहे: केंद्राची आधी संमती हवी, हद्द नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकांशी सल्लामसलत करून ठरायला हवी, आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाच्या हितरक्षणाचे पुरेसे उपाय त्याआधी केलेले असायला हवेत. ही शेवटची अट पाठ करून ठेवा आणि हरकतीच्या पहिल्याच परिच्छेदात घाला. "आमच्यावर अन्याय होतोय" हे वाक्य फाइलीत कुठेही पडून राहतं. "कलम 26कमधले उपाय कोणते केलेत ते दाखवा" या प्रश्नाला मात्र कुणीतरी उत्तर लिहावं लागतं. किनाऱ्याची वाळू, खाजण (खाडीकाठची खारजमीन) किंवा बेट हद्दीत येत असेल तर जमिनीच्या भागासाठी दाव्यांची दोन महिन्यांची मुदत वेगळी मोजा.

मालवणचा इतिहास जुने लोक सांगतात तसाच न उचलता थोडा तपासून घ्या, कारण समोरचे अधिकारी तो तपासून येतात. 13 एप्रिल 1987 रोजी 29.12 चौरस किलोमीटरचं मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. त्यात 3.18 चौरस किलोमीटरचा गाभा आहे, म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आजूबाजूची खडपं (समुद्रातले खडक), बाकी 25.94 चौरस किलोमीटर बफर, म्हणजे गाभ्याभोवतीचा पट्टा. त्या वेळी कायदाच असा होता की सरकारने अधिसूचना काढली की अभयारण्य झालं. 26कच्या अटी 1991च्या दुरुस्तीने आल्या. म्हणून "तेव्हा आम्हाला विचारलं नाही" हे गाऱ्हाणं खरं असलं तरी आजच्या मसुद्यावर ते अर्धंच लागू पडतं. आज विचारावं लागतं. प्रश्न आहे तो आपण काय घेऊन जातो याचा.

आता नकाशा. यादीतलं सगळ्यात मोठं काम हेच, आणि यासाठी पुरेसा वेळ राखून ठेवा. मसुद्यातले अक्षांश-रेखांश एखाद्या जाणत्या पोराकडून मोबाइलच्या नकाशात टाकून घ्या. जिथे रेषा पाण्यात आहे तिथे होडी घेऊन जा आणि जीपीएसवर बघा. कागदावर सरळ दिसणारी रेषा कधी रापण ओढायच्या जागेवरून गेलेली असते, कधी होड्या लावतात त्या खाडीच्या तोंडावरून. मग गावातल्या वयस्कर तांडेलांना (होडीवरच्या प्रमुखांना) सोसायटीच्या खोलीत बसवा. त्यांच्यासमोर छापील नकाशा टाकू नका, ते संकोचतात. एकदा अशाच बैठकीत मोठा कोरा कागद जमिनीवर अंथरला होता. एका आजोबांनी खिशातली काडेपेटी काढून किल्ल्याच्या जागी ठेवली आणि तिथून बोटाने खडपं दाखवायला लागले. कुठल्या देवळाचा कळस कुठल्या डोंगराच्या खाचेत आला की खाली खडप असतं, कुठे चिखल लागतो, कुठे वाळू. "ह्या खडपार जाळा टाकूचा नाय, फाटता," असं त्यांनी सांगितलं तेव्हा कडेला बसलेल्या डायव्हिंगवाल्या पोराने मान वर केली. प्रवाळ नेमकं तिथेच आहे, हे त्याला पाण्याखालून माहीत होतं.

म्हणजे ज्या जागी प्रवाळ आहे तिथे जाळं टाकायला मच्छीमार आधीच जात नाही. अशी प्रत्येक जागा नकाशावर वेगळ्या रंगाने दाखवा. नकाशात खडपांची गावातली नावं, कोणत्या महिन्यात कोणती मासेमारी, उधाणाला (मोठ्या भरतीला) कुठे आणि भांगाला (लहान भरतीला) कुठे, रापणीच्या जागा, गळाच्या जागा, वादळात आसऱ्याला होड्या आणतात त्या जागा, हे सगळं यायला हवं. खाली तारीख आणि माहिती देणाऱ्यांच्या सह्या. अंगठा असेल तर अंगठा. या नकाशाच्या चार प्रती काढा आणि मूळ प्रत सुनावणीत कुणाच्याही हातात देऊ नका.

नकाशाला कागदांचा आधार लागतो. होडीची नोंदणी, मासेमारी परवाना, सोसायटीच्या सभासदत्वाची नोंद, डिझेल परताव्याची कागदपत्रं, मासळी विक्रीच्या पावत्या. जितकी जुनी तितकी चांगली. रापण संघाची वाट्यांची (मासळीच्या हिश्शांची) वही कुणाच्या तरी माळ्यावर कसर लागून पडलेली असते. ती खाली उतरवा, पानांचे फोटो काढा. कुठल्या सालात किती वाटे पडले हे लिहिणाऱ्याला ते पुढे कामाला येईल असं तेव्हा वाटलंही नसेल, पण त्या किनाऱ्यावर किती वर्षं रापण ओढली जाते याचा त्याहून चांगला पुरावा दुसरा नाही. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या मच्छीमार गणनेत आपल्या गावाचे आकडे काय आलेत तेही काढून ठेवा. ते आपल्या मोजणीशी जुळत नसतील तर फरक आपणच आधी सांगावा, समोरून यायची वाट बघू नये.

बायांची नोंद वेगळी करा. हे मुद्दाम वेगळ्या परिच्छेदात लिहितोय, कारण प्रत्येक ठिकाणी हेच राहून जातं. ओहोटीला खडपावर कालवं फोडणारी, खाडीत तिसऱ्या (शिंपले) काढणारी बाई कुठल्याच परवान्यात नाही. होडी तिच्या नावावर नाही, डिझेलचा परतावा तिला नाही. मसुद्यात मात्र "किनाऱ्यालगत शिंपले गोळा करण्यास मनाई" अशी एक ओळ असू शकते आणि ती ओळ थेट तिच्या चुलीवर येते. अशा बायांची नावं, जागा, महिने, बाजार कुठला, एवढं एका वहीत लिहून घ्या. त्यांचा अर्ज त्यांच्याच सहीने स्वतंत्र द्या. ग्रामसभेच्या ठरावातही त्यांचा उल्लेख हवा. सुनावणी ओहोटीच्या वेळेला ठेवली असेल तर वेळ बदलून मागायलाही हरकत नाही. पंचांग बघून तारीख सुचवा.

यानंतर मसुद्यातले बंदीचे तक्ते. संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात सहसा तीन भाग असतात: बंदी असलेली कामं, नियंत्रित कामं आणि प्रोत्साहन द्यायची कामं. लोक पहिला भाग वाचतात आणि सुस्कारा सोडतात. वाचायचा तो दुसरा. नियंत्रित म्हणजे कुणाच्या परवानगीने, किती दिवसांत, नाकारली तर दाद कुणाकडे, हे तिथे लिहिलेलं नसेल तर उद्या बोटीची जेटी दुरुस्त करायलाही खेपा घालाव्या लागतील. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने लिहा: चालेल, चालणार नाही, असं बदला.

"असं बदला" हा रकाना भरला नाही तर बाकीची मेहनत वाया गेली असं मी धरतो. नुसतं "आमका नको" म्हणून परत आलेली गावं मी पाहिली आहेत. त्यांची हरकत एका ओळीत नोंदली जाते आणि एका ओळीत निकाली निघते. मागायचंच तर बरंच काही मागता येतं. गाभा क्षेत्राची रेषा खडपांपुरती ठेवा आणि रापणीच्या जागा बाहेर काढा. होड्यांची ये-जा कलम 26कमध्येच निर्धोक ठेवलेली आहे, ती मसुद्यात स्पष्ट लिहा. पर्यटकांच्या बोटी प्रवाळावर नांगर टाकतात, त्यासाठी कायमचे बोये बसवा. 2016 मध्ये राज्याने पर्ससीनवर (थवा वेढून घेणाऱ्या मोठ्या जाळ्यावर) निर्बंध आणले, 2017 मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. या पाण्यात त्यांची अंमलबजावणी कोणत्या गस्ती नौकेने होणार ते लिहा. पारंपरिक मच्छीमाराला संरक्षित क्षेत्रातून काही मिळायचं असेल तर ते इथेच मिळेल, आणि खरं तर या मुद्द्यावर वनखातं आणि रापणकर एकाच बाजूला असायला हवेत. ते नसतात, याला दोघांचीही जुनी अढी कारण आहे.

समितीचं तर विसरूच नका. संवर्धन राखीव क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो, वन्यजीव संस्थांचे तीन, आणि कृषी व पशुसंवर्धन खात्यांचा एकेक. मत्स्यव्यवसाय खात्याचा उल्लेखच नाही. समुद्रातल्या क्षेत्राला पशुसंवर्धनाचा माणूस! म्हणून मत्स्यव्यवसाय खात्याचा आणि मच्छीमार सोसायटीचा माणूस त्या समितीला जोडून घ्यावा, अशी मागणी नावानिशी करा. संवेदनशील क्षेत्राच्या देखरेख समितीसाठीही तेच.

आपण निसर्गाचे वैरी नाही हे तोंडाने सांगत बसण्यापेक्षा कागद दाखवा. जाळ्यात सापडलेलं ऑलिव्ह रिडले कासव किंवा देवमासा जाळं कापून सोडला, तर राज्य सरकार 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. 2018च्या अखेरीस ही योजना आली. गावातल्या ज्यांनी ती घेतली असेल त्यांच्या मंजुरीच्या प्रती आणि सोडतानाचे फोटो फाइलीला लावा.

माहितीचा अधिकार वापरायचा असेल तर पहिल्याच आठवड्यात अर्ज टाका. उत्तराला 30 दिवस लागतात, म्हणजे 60 दिवसांच्या मुदतीतला निम्मा वेळ तिथेच गेला. हद्द ठरवताना कोणता अभ्यास वापरला आणि जलसर्वेक्षकांशी झालेला पत्रव्यवहार कोणता, एवढे दोन प्रश्न पुरे.

ठराव दोन हवेत: ग्रामसभेचा आणि सोसायटीचा. दोन्हींत गणपूर्ती नोंदलेली, हजेरीच्या सह्या जोडलेल्या. एकाच मजकुराच्या पाचशे अर्जांपेक्षा वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले पंधरा अर्ज जास्त वाचले जातात.

सुनावणीच्या दिवशी बोलायला माणसं आधी वाटून घ्या: एक हद्दीवर, एक कायद्यावर, एक बाई कालवांवर, एक पर्यटनवाला. पुढाऱ्यांना नमस्कार करा आणि शेवटी बोलवा, नाहीतर वेळ त्यांच्यातच संपतो. जे बोलाल ते लेखीही द्या, आवक क्रमांकाची पोच घ्या. मालवणीत बोलायला अजिबात लाजू नका, पण लिहून घेणारा कारकून बाहेरगावचा असेल तर खडपांची नावं त्याला अक्षर-अक्षर सांगा. इतिवृत्तात नाव चुकलं की नकाशावरची जागाही चुकते.

घरी आल्यावर इतिवृत्ताच्या प्रतीसाठी अर्ज करा. प्रत आली की ती सोसायटीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. राहिलेल्या किंवा मोडून लिहिलेल्या मुद्द्यांची दुरुस्ती लेखी पाठवा, सोबत सुनावणीत दिलेल्या अर्जाच्या पोचेची झेरॉक्स. अंतिम अधिसूचना निघते तेव्हा ती मसुद्याशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघणारा माणूस आत्ताच ठरवा, आणि तो ट्रॉलरवर खलाशी म्हणून जाणारा नसावा.