जुन्या मत्स्यतळ्यात भात लावायचाय? मग माती तपासायची ही तयारी आधी करा

मासे किंवा कोळंबीचं तळं बंद करून तिथे भात घ्यायचं ठरलं की नजर जाते ती तळाच्या काळ्याभोर गाळावर, आणि वाटतं एवढी कसदार माती, खताची गरजच काय. गाळात नत्र-स्फुरद असतं हे खरंय, उरलेलं खाद्य आणि विष्ठा तिथेच बसलेली असते, पण आधी मीठ आणि आम्लता बघा, अन्नद्रव्यं त्यानंतर, नाहीतर रिपोर्टमध्ये नत्र-स्फुरद मस्त दिसेल आणि शेतात रोपं जळतील.

सगळ्यात आधी तळ्याचा इतिहास कागदावर लिहून काढा. पाणी गोडं होतं का खारं, चुना कधी टाकलेला, शेवाळ मारायला मोरचूद वापरलं होतं का (त्यातलं तांबं मातीत साचून राहतं), गाळ उपसून कुठे टाकला. बांध मोडून जमीन सपाट करणार असाल तर बांधाच्या मातीचं सॅम्पल पण वेगळं घ्या, कारण खोदाईत खालची माती वर आलेली असते आणि खरी गडबड बरेचदा तिथेच निघते.

सामान फार लागत नाही, गिरमिट किंवा फावडं, प्लास्टिकची बादली (जस्ताचा मुलामा असलेली नको, झिंकचा आकडा चुकतो), स्वच्छ पिशव्या, मार्कर, मोजपट्टी. पाणी काढून तळ चालण्याइतका सुकू द्या, आणि सॅम्पल काढेपर्यंत नवा चुना किंवा खत अजिबात टाकू नका. खाद्य टाकायची जागा, पाणी आत यायचं तोंड, सगळ्यात खोल भाग आणि उथळ कडा, यांची माती एकत्र करू नका प्लीज, गाळ सगळीकडे सारखा नसतो आणि सरासरी काढली की कळायचं तेच लपतं. प्रत्येक भागात आठ-दहा ठिकाणची माती घ्या, 0 ते 15 आणि 15 ते 30 सेंमी खोलीची वेगवेगळी, एकाच खोलीची आपापसात मिसळून त्यातली अर्धा किलो सावलीत सुकवून पिशवीत भरा.

जागा खारफुटीची किंवा खाडीकाठची असेल तर एक मीटरपर्यंत खोल बघाच. अशा मातीत पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) असतं, पाण्याखाली ते शांत पडून राहतं, हवा लागली की त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं आणि पीएच 4 च्या खाली जातो. मातीचं ढेकूळ हातात घेऊन फोडा, जुन्या मुळांच्या वाटेने फिक्कट पिवळे पट्टे दिसले तर समजा आम्ल बनायला लागलंय. राखाडी, सडक्या अंड्यासारखा वास येणारी माती असेल तर ती पिशवीतली हवा काढून, थंड ठेवून लगेच लॅबला द्या आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची टेस्ट करायला सांगा, पुढे आम्ल बनू शकतं का ते त्यात कळतं. ही माती इतर सॅम्पलसारखी हळूहळू वाळवत ठेवली तर वाटेतच बदलते.

लॅबला काय काय मागायचं ते पण लिहून न्या: पीएच, ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे मातीतल्या मिठाचं माप), सोडियमचं प्रमाण, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, झिंक आणि मोरचूद वापरलं असेल तर तांबं. ईसी कुठल्या पद्धतीने काढला हे विचाराच, कारण भाताची मर्यादा साधारण 3 डेसीसायमन प्रति मीटर, त्यावर प्रत्येक युनिटला उत्पादन सुमारे 12 टक्के घटतं, पण हा हिशोब सॅच्युरेटेड पेस्टचा (माती जेमतेम संपृक्त होईल एवढंच पाणी घालून काढलेला) आहे, एक भाग मातीला दोन भाग पाणी घालून काढलेला आकडा त्याहून कमी येतो आणि माणूस उगाच निर्धास्त होतो. बी खाऱ्यात उगवतं, मार बसतो तो कोवळ्या रोपाला आणि फुलोऱ्याला. सोडियम जास्त निघाला, म्हणजे ईएसपी (मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची टक्केवारी) 15 च्या वर, तर नुसतं गोडं पाणी सोडून मीठ धुवायला जाऊ नका, चिकणमाती विरघळल्यासारखी होऊन पाणी मुरायचंच थांबतं, जिप्सम आधी लागतं.

झिंककडे खास लक्ष द्या, चुना पडलेल्या, स्फुरद भरपूर असलेल्या आणि सतत पाणी साचणाऱ्या जमिनीत भाताला ते मिळत नाही, डीटीपीए पद्धतीने (पिकाला मिळू शकणारं झिंक मोजायची लॅबची पद्धत) 0.6 पीपीएमच्या खाली असेल तर द्यावंच लागेल. सेंद्रिय कर्ब आणि नत्र दोन्ही जास्त निघाले तर युरियाला हात आखडता घ्या, पीक लोळतं आणि करपा पण वाढतो.

ज्या पाण्यावर भात घेणार त्याची एक बाटली पण मातीसोबतच लॅबला द्या, आणि मीठ धुवून झाल्यावर लावणीच्या आधी त्याच जागांचा ईसी परत काढा, म्हणून खड्ड्यांच्या जागी खुंट्या ठोकून ठेवा.