पहिल्या हँग ग्लायडिंग स्पर्धेला निघताना

मला पहिल्या स्पर्धेत सगळ्यात महाग पडली ती घाई. स्टार्टची वेळ झाली तेव्हा बाकीचे माझ्यापेक्षा 600 मीटर वर घिरट्या घालत होते. मागे पडू नये म्हणून मी तसाच निघालो. पुढे थर्मल (वर चढणारी गरम हवा) मिळालंच नाही, व्हेरिओ (चढ-उतार आवाजाने सांगणारं यंत्र) एकसुरी रडत राहिला आणि 14 किलोमीटरवर मी एका शेतात उतरलो. थोड्याच वेळात तो सगळा थवा माझ्या डोक्यावरून पुढे गेला. चांगला टॉपलेस (पंखावर खांब आणि तारा नसलेला) ग्लायडर शांत हवेत एक किलोमीटर उंची खर्चून साधारण 15 किलोमीटर जातो. म्हणजे 600 मीटर सोडून मी 9 किलोमीटर सोडून दिले होते!

म्हणून आधी उंची घ्या, मग निघा. सोबतचे पायलट प्रतिस्पर्धी असले तरी हवा कुठे वर चढतेय हे तेच दाखवतात. कोणाचा पंख झपकन उचलला गेला की तिकडे वळायचं. थर्मलमध्ये पहिला ज्या दिशेने फिरतोय त्याच दिशेने सगळ्यांनी फिरायचं, आणि शिरताना कोणाला वळण मोडायला लावायचं नाही. वरच्याने खालच्याला जागा द्यायची, कारण पंख डोक्यावर असल्याने खालच्याला वरचं दिसत नाही.

ब्रीफिंगमध्ये टास्क मिळतो : कुठले टर्नपॉइंट (वाटेत गाठायच्या जागा), प्रत्येकाभोवतीच्या वर्तुळाची त्रिज्या किती, गोल, म्हणजे शेवटचं ठिकाण, कुठे. जीपीएस यंत्रात भरलेला टास्क शेजारच्या पायलटच्या यंत्राशी ताडून बघा. एक त्रिज्या चुकली तरी दिवस वाया जातो.

हँग चेक (आपण ग्लायडरला नीट अडकलोय ना याची तपासणी) मात्र कितीही उशीर झाला तरी टाळू नका. हार्नेसमध्ये आडवं व्हा, कोणाला तरी ग्लायडरचं नाक धरायला सांगा. कॅराबिनर (हार्नेस ग्लायडरला जोडणारी कडी) अडकलाय आणि लॉक आहे ना, पायांचे पट्टे पायात आहेत ना, हे बोटाने चाचपा. अनुभवी पायलटही न जोडता धावत सुटलेले आहेत.

गोल गाठता आला नाही तरी कापलेल्या अंतराचे गुण मिळतात, पण त्यासाठी जमिनीलगत शेवटचा किलोमीटर ओढत बसू नका. 300 मीटरवर शेत ठरवा, वारा ओळखा. उतरल्यावर आधी सुखरूप असल्याचा निरोप पाठवा, नाहीतर शोधपथक निघतं. बॅटन (पंखाला आकार देणाऱ्या काड्या) नंतर काढा.