पोराचा घसा दुखतोय, अँटिबायोटिक द्यायचं की थांबायचं?

रात्री साडेनऊला मी शटर अर्धं खाली ओढतो आणि नेमकी तेव्हाच एखादी स्कूटर येऊन थांबते. मागे बायको, तिच्या मांडीवर शालीत गुंडाळलेलं पोर. माणूस मोबाईल पुढे करतो, त्यात संपलेल्या बाटलीचा फोटो. "काका, हेच द्या ना, मागच्या वेळी ह्यानंच उतरलं होतं."

आता वीस वर्षं इंदूरला मेडिकल चालवतोय, निम्मं गिऱ्हाईक हिंदीत बोलतं निम्मं मराठीत, पण हे वाक्य दोन्हीकडे सारखंच असतं. मागच्या वेळी ते ह्यानं उतरलं नव्हतं हो, ते उतरायचंच होतं! बहुतेक घसे व्हायरसचे असतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढिले पडतात, आठवड्यात जातात, औषध दुसऱ्या दिवशी सुरू केलं की श्रेय बाटलीला मिळतं. शाळकरी वयाच्या शंभर पोरांचे घसे दुखत असले तर त्यातल्या साधारण वीस ते तीस जणांनाच स्ट्रेप नावाचा जंतू असतो, आणि अँटिबायोटिक लागतं ते जवळपास ह्यांनाच. म्हणजे प्रश्न "घसा किती लाल आहे" हा नाहीच, "ह्या घशात स्ट्रेप आहे का" हा आहे.

मी डॉक्टर नाही, डॉक्टरांनी लिहिलेली औषधाची पर्ची वाचणारा माणूस आहे, तेव्हा पुढचं सगळं पर्चीच्या बदली नाही तर डॉक्टरकडे जायच्या आधी आणि गेल्यावर काय बघायचं, काय विचारायचं ह्यासाठी.

पहिलं म्हणजे पोराला खिडकीपाशी उजेडात बसवा, मोबाईलचा टॉर्च लावा, स्टीलच्या चमच्याची दांडी जिभेवर हलकेच ठेवा (फार आत नको, उलटी अंगावर येते, अनुभव आहे) आणि "आऽऽ" म्हणायला लावा. टॉन्सिल सुजलेत का, त्यावर पांढरे ठिपके आहेत का बघा. मग जबड्याखाली, मानेच्या पुढच्या बाजूला बोटं फिरवा, गाठी लागतात का आणि दाबल्यावर पोर ओरडतंय का. आमची आजी ह्याला अवधाण आलं म्हणायची. ताप थर्मामीटरनं मोजा, हातानं नाही, १००.४ च्या वर आहे का. आणि सगळ्यात कामाचं, म्हणजे खोकला आहे का?

ह्या खोकल्याचं लोकांना उलटं वाटतं. खोकला, नाक गळणं, आवाज बसणं, डोळे लाल, तोंडात बारीक फोड, ह्यातलं काही असेल तर ते व्हायरसकडे बोट दाखवतं. स्ट्रेपचा घसा बहुधा एकटा येतो, अचानक, सकाळी खेळणारं पोर संध्याकाळी तापानं फणफणलेलं, थुंकी गिळवत नाही, पोट दुखतंय, डोकं दुखतंय, पण नाक कोरडं आणि खोकला नाही. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे इन्फेक्शन "पिकलं" हे पण खरं नाही, साध्या सर्दीत पण होतो तसा.

डॉक्टर लोकांचा ह्याचा एक हिशोब आहे. १९८१ मध्ये सेंटॉर नावाच्या डॉक्टरनं मोठ्या माणसांसाठी केला, पुढे मॅकआयझॅकनं त्यात वय जोडलं. ताप असेल तर एक गुण, खोकला नसेल तर एक, टॉन्सिल सुजलेले किंवा पांढरे असतील तर एक, मानेच्या पुढच्या गाठी दुखत असतील तर एक, आणि वय ३ ते १४ असेल तर अजून एक. शून्य किंवा एक आला तर टेस्ट पण नको आणि अँटिबायोटिक पण नको. दोन-तीन आले तर घशाचा स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीनं घशातला नमुना घेऊन टेस्ट. चार-पाच आले तर स्वॅब हवाच, काही डॉक्टर तिथे सरळ औषध सुरू करतात. पण हे लक्षात ठेवा की सगळे गुण मिळाले तरी साधारण निम्म्याच पोरांत स्ट्रेप निघतो, कारण पांढरे ठिपके व्हायरसमध्येही येतात, तेव्हा हा हिशोब टेस्ट करायची का हे ठरवायला, घरच्या घरी बाटली उघडायला नाही. तीन वर्षांच्या आतल्या लेकरांना स्ट्रेपचा घसा क्वचितच होतो.

स्वॅबची रॅपिड टेस्ट दहा-पंधरा मिनिटांत होते, कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायला, एक-दोन दिवस लागतात. सगळ्या क्लिनिकमध्ये रॅपिड किट नसतं, पण लॅबमध्ये स्वॅब देता येतो, विचारायला लाजू नका. एएसओ नावाची रक्ताची टेस्ट पुष्कळ लिहिली जाते, ती आजच्या घशासाठी बिनकामाची, कारण त्यातली अँटिबॉडी वाढायलाच आठवडे लागतात, ती मागे कधी स्ट्रेप होऊन गेला का एवढंच सांगते.

आता लोक घाबरतात ते हार्टला. आणि ती भीती खोटी नाही, आपल्या देशात रुमॅटिक फीव्हर अजून आहे, घशातल्या स्ट्रेपनंतर दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, हृदयाच्या झडपा खराब होतात, आणि ५ ते १५ हेच त्याचं वय. म्हणून "अँटिबायोटिक कधीच नको" म्हणणाऱ्यांशी पण माझं जमत नाही. पण ह्यात एक गोष्ट कोणी सांगत नाही, की घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी रुमॅटिक फीव्हर टाळता येतो. नऊ दिवस! म्हणजे कल्चरच्या रिपोर्टसाठी दोन दिवस थांबलात तर काही बिघडत नाही, रात्री साडेनऊला माझ्या दुकानासमोर घाईत ठरवायची ती गोष्टच नाही. आणि आराम पडायचं म्हणाल तर सगळे घसे मिळून अँटिबायोटिकनं दुखणं सरासरी १६ तासांच्या आसपास लवकर जातं, एवढंच. बदल्यात जुलाब, अंगावर पुरळ. एका व्हायरसमध्ये, ज्याला मोनो म्हणतात, अमॉक्सिसिलिन दिलं की पोराच्या अंगभर लाल पुरळ उठतो, आणि मग जन्मभर फाईलवर "पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी" असं चुकीचं लिहिलेलं राहतं.

थांबायचं म्हणजे नुसतं बसायचं नाही, दुखण्याचा बंदोबस्त करायचा. पॅरासिटामॉल, वजनाच्या किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये सहा तास, दिवसात चारच्या वर नाही. आणि इथेच काउंटरवर रोज घोळ होतो, कारण एकाच औषधाच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात, ५ एमएलमध्ये १२० किंवा २५०, आणि तान्ह्यांचे ड्रॉप्स तर १ एमएलमध्येच १००. सोळा किलोच्या पोराला २४० मिलिग्रॅम हवं, म्हणजे पहिल्या बाटलीतून १० एमएल, दुसऱ्यातून ५ च्या जरा खाली. लोक दोन्हीतून "एक चमचा" देतात, तोही स्वयंपाकघरातला. बाटलीबरोबर जे मापाचं झाकण येतं तेच वापरा, आणि नाव नाही तर आकडा वाचा. ॲस्पिरिन पोरांना नाही. पावसाळ्यात डेंग्यूचा संशय असेल तर आयब्युप्रोफेन पण नाही.

बाकी मिठाच्या कोमट गुळण्या (गुळणी थुंकता येणाऱ्या वयालाच), एक वर्षाच्या वरच्याला मध, पातळ खिचडी, पाणी, आणि हो, घसा दुखत असताना थंड आईस्क्रीम चालतं, उलट बरं वाटतं. आमच्याकडे सगळं खापर सराफ्यातल्या (इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार) बर्फाच्या गोळ्यावर फोडतात, गोळा बिचारा निर्दोष असतो, जंतू शाळेच्या बाकावरून येतो. खोकल्याचं सिरप मागू नका. २०२५ मध्ये आमच्याच मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे विषारी भेसळ असलेल्या सिरपनं लेकरं गेली, तेव्हापासून मी पाच वर्षांखालच्याला पर्चीशिवाय ते देतच नाही, लोक तोंड वाकडं करून जातात, जाऊ देत.

मात्र काही गोष्टी दिसल्या की हिशोब, गुण सगळं बाजूला आणि सरळ हॉस्पिटल, रात्रीचे दोन वाजले तरी. पोर स्वतःची लाळ गिळू शकत नाही आणि ती बाहेर गळतेय. तोंड पूर्ण उघडत नाही, किंवा तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं बोलतंय. मान एकीकडे धरलीय. श्वास घेताना आवाज येतोय. आठ-दहा तास लघवी नाही. आणि घशात राखाडी, चिकट पापुद्रा दिसला, मान बैलासारखी फुगली तर तो घटसर्प असू शकतो, तो आपल्याकडे संपलेला नाही, तेव्हा लसीचं कार्ड काढून दीड वर्षाचा आणि पाच वर्षांचा बूस्टर झालाय का हे आज घसा दुखत नसताना बघून ठेवा.

टेस्ट पॉझिटिव्ह आली तर मग टाळाटाळ नको. स्ट्रेपसाठी पहिलं औषध अजूनही साधं पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन, कारण इतक्या वर्षांत हा जंतू पेनिसिलिनला दाद न देणारा झालेलाच नाही. पर्चीवर सेफिक्झिम, क्लॅव्ह किंवा अझिथ्रो (ही पण अँटिबायोटिकंच) दिसलं तर डॉक्टरांना नम्रपणे विचारा, "सर, साधं अमॉक्सिसिलिन चालेल का, की अ‍ॅलर्जीमुळे हे?" कारण असेल तर ते सांगतील. सेफिक्झिमसारखी औषधं तर २०१४ पासून सरकारच्या एच-वन यादीत आहेत, म्हणजे पर्चीशिवाय विकायचीच नाहीत, आणि विकताना मला रजिस्टरमध्ये डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव लिहून तीन वर्षं जपावं लागतं, तरी फोटो दाखवून मागणारे येतातच.

माझं स्वतःचं पण सांगतो. मुलगी पाच वर्षांची असताना मीच दुकानातलं अझिथ्रो उचलून तीन दिवस दिलं होतं, नाक गळत होतं, खोकला होता, म्हणजे वर लिहिलंय त्याप्रमाणे एक पण लक्षण स्ट्रेपचं नव्हतं, जुलाबानं पोर चार दिवस आडवी झाली आणि बायकोनं मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आठव्या वर्षी मात्र खरा स्ट्रेप निघाला, स्वॅब पॉझिटिव्ह, अमॉक्सिसिलिन दहा दिवस. औषध सुरू झाल्यावर चोवीस तासांनी ताप नसेल तर शाळेत पाठवता येतं, तशी ती तिसऱ्या दिवशी गेलीच. चौथ्या दिवशी गच्चीवर उड्या मारत होती, आई म्हणाली, "अरे बंद कर आता, बरी आहे ती, कशाला पोटात एवढं कडू घालतोस?" बंद केलं नाही, दहा म्हणजे दहा.

त्यात अजून एक गंमत आहे. ड्राय सिरपच्या बाटलीत पावडर असते, उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, हलवायचं, फेस बसला की पुन्हा खुणेपर्यंत भरायचं, आणि दर वेळी द्यायच्या आधी हलवायचं, नाहीतर सुरुवातीला पाणी आणि शेवटी सगळं औषध जातं. पण एकदा कालवलेली बाटली बहुतेक सातच दिवस टिकते, कोर्स दहा दिवसांचा, आणि बाटली तर त्याच्याही आधी संपते, म्हणून पहिल्याच दिवशी लागतील तेवढ्या बाटल्या घ्या आणि पुढच्या कोरड्याच ठेवा, वेळ आली की कालवा. उरलेलं ओतून द्या, फ्रीजच्या दारात पुढच्या वेळेसाठी ठेवू नका, आणि फोटो तर अजिबात काढू नका.