चित्रातला घोडा आणि माडावरचा विष्णू

एम.ए.ला सौंदर्यशास्त्र घेतलं आणि पहिला महिना प्लेटोची खाट घोकण्यात घालवला. 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात ती आहे: एक खाट मूळ सत्त्वरूप (म्हणजे खाटेचं आदर्श रूप), दुसरी सुताराची, तिसरी चित्रकाराची. म्हणजे कला ही नकलेची नक्कल. ट्युटोरियलमध्ये तेच उतरवलं. सरांनी समासात एवढंच लिहिलं, "मग तुम्ही नाटकाला जाता कशाला?"

उत्तर सुचेना. त्या वर्षी गावी जत्रेला गेलो. दशावतारात विष्णू होऊन आलेला गडी एरवी आमच्या माडांवर चढून नारळ काढतो. आजीने त्याला हात जोडले. दोन दिवसांनी मजुरीवरून त्याच्याशीच घासाघीस! ती फसली होती का? नाही. सोंग म्हणून सोडून देत होती का? तेही नाही.

परत येऊन शंकुक, म्हणजे भरताच्या नाट्यशास्त्राचा एक जुना भाष्यकार, वाचला तेव्हा डोक्यात उजेड पडला. नटाला आपण राम समजतो ते ज्ञान खरं नव्हे, खोटं नव्हे, संशय नव्हे आणि 'रामासारखा' असं साम्यही नव्हे, असं तो म्हणतो. चित्रातल्या घोड्याला आपण सरळ 'घोडा' म्हणतो, तसं. हाच चित्रतुरगन्याय (तुरग म्हणजे घोडा). गंमत अशी की त्याचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. नंतरच्या भाष्यकाराने, अभिनवगुप्ताने, खोडून काढण्यासाठी मांडला म्हणून त्याचं मत आपल्यापर्यंत आलं. खोडलं तेही रास्तच. शंकुकाच्या मते प्रेक्षक नटाच्या भावाचं अनुमान करतो. आजीचे हात काही अनुमान करून जोडले गेले नव्हते.

नव्याने येणाऱ्यांनी म्हणूनच आधी स्वतःचं एक उदाहरण धरावं आणि प्रत्येक सिद्धान्त त्याच्यावर घासून बघावा. ॲरिस्टॉटल म्हणतो, प्रत्यक्षात बघवत नाहीत अशा गोष्टींची, अगदी प्रेतांचीही, हुबेहूब चित्रं आपण आवडीने बघतो. 'पोएटिक्स'चं चौथं प्रकरण चार पानांचंही नाही, पण प्लेटोनंतर लगेच वाचा. रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' मात्र पहिल्याच सत्रात सलग वाचायला घेऊ नका. मी घेतली आणि दिवाळीपर्यंत अडकलो. त्यातला लौकिकतावाद-अलौकिकतावाद हा भेद हाती उदाहरण असलं की पटकन कळतो: कलेचा अनुभव रोजच्या जगण्याच्या जातीचा, की त्याहून निराळा?

मे महिन्यात आजीलाच विचारलं. नारळ मोजता मोजता ती म्हणाली, "रातीचो देव वायलो, माडावरचो वायलो," (वायलो म्हणजे वेगळा) आणि आकडा चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.