आग्र्याला जाताय? आम्ही केलेल्या या चुका तेवढ्या टाळा

सगळ्यात मोठी चूक घरबसल्याच होते. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. हे आम्हाला कळलं शुक्रवारी सकाळी साडेपाचला, सगळ्यांच्या अंघोळी आटोपून, काकूंनी पैठणी नेसून, सहाजण रिक्षात कोंबून बसल्यावर. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "आज तो जुम्मा है माताजी." झेलम एक्सप्रेसची तिकिटं दोन महिने आधी काढलेली, तारीख दहा वेळा बघितली पण वार बघायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही. शेवटी वृंदावन रद्द करून त्याचा दिवस ताजला दिला, त्यावरून सासूबाई अजून बोलतात. दिल्लीहून येणारी गतिमान एक्सप्रेससुद्धा शुक्रवारी धावत नाही, यावरून काय ते समजा.

पण तुम्ही आधीच अडकला असाल तर रडत बसू नका, बाकी सगळं उघडं असतं. सकाळी आग्र्याचा किल्ला, दुपारी इतमादुद्दौलाची कबर, आणि संध्याकाळी यमुनेच्या पलीकडे मेहताब बाग, तिथून ताजची मागची बाजू दिसते आणि गर्दी कमी. इतमादुद्दौला लोक सोडून देतात हीच एक वेगळी चूक आहे खरं तर. नूरजहाननं आपल्या वडिलांसाठी बांधलेली कबर, 1628 मध्ये पूर्ण झाली म्हणजे ताजच्या आधीची, पूर्ण संगमरवरी आणि जडावकाम इतकं बारीक की जवळ जाऊन बघितलं तर सुरया, फुलदाण्या, सरूची झाडं दिसतात. आम्ही गेलो तेव्हा आत मोजून पंधरा माणसं होती.

आता ताजच्या दाराशी काय होतं ते सांगते. पेट्रोल-डिझेलची गाडी जवळ जाऊ देत नाहीत, लांबच थांबवतात आणि पुढे बॅटरीची गाडी नाहीतर पायी. तुम्ही उतरलात की लपके येतात. लपके हा तिकडचा शब्द, म्हणजे आपले दलाल. "लाईन दो घंटे की है", "यह गेट आज बंद है", "मैं सीधा अंदर ले जाऊंगा" वगैरे. काही ऐकायचं नाही, थांबून उत्तरसुद्धा द्यायचं नाही. तिकीट पुरातत्त्व खात्याच्या साईटवरून आधीच काढून ठेवा. आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना 50 रुपये आणि मुख्य कबरीच्या चौथऱ्यावर चढायचं तर वर 200. इथे खूपजण 50 चंच काढतात आणि मग चौथऱ्याखाली उभं राहून वर गेलेल्यांकडे बघत बसतात, तर एवढं लांब आलाय तर ते 200 वाचवू नका. तिकीट तीन तासच चालतं हेही लक्षात ठेवा, गेटवर टाईमपास केला की तो वेळ त्यातूनच जातो.

आणि पिशव्या! आपण मराठी माणसं म्हणजे घरून निघताना चकली, बाकरवडी, लाडू सगळं घेऊन निघणार. आत खायचं काही नेता येत नाही, तंबाखू, काडेपेटी, लायटर काहीच नाही. काकांच्या कापडी पिशवीतून तपासणाऱ्या बाईंनी आधी तंबाखूची पुडी काढली, मग चुन्याची डबी, आणि मग पितळी अडकित्ता. तो त्यांनी उघडून-मिटून दोनदा बघितला, दुसऱ्याला बोलावून दाखवला, आणि काका "सुपारी, सुपारी" म्हणत बोटांनी कातरून दाखवतायत. अर्धा तास गेला लॉकर शोधण्यात. मोबाईल, पाकीट, पाण्याची पारदर्शक बाटली, बास. ट्रायपॉडपण नको.

डिसेंबर-जानेवारीत "सूर्योदयाला जा" हा सगळ्यांचा सल्ला डोळे मिटून ऐकू नका. त्या दिवसांत धुकं इतकं असतं की समोर ताज आहे हे माहीत असूनही पांढऱ्यात पांढरं, काही दिसत नाही, आणि गाड्याही तासन्‌तास लेट होतात. थंडीत जरा ऊन येऊ द्या मग जा. मे महिन्यात उलटं, सकाळी गेट उघडताच आत शिरा, दुपारी पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, त्यात म्हाताऱ्यांना फिरवणं म्हणजे छळ. पौर्णिमेच्या रात्री ताज बघायचा असेल तर पौर्णिमा आणि तिच्या आधी-नंतरच्या दोन दोन रात्री अशा पाचच असतात, त्यातही शुक्रवार आणि रमजान वगळून, आणि तिकीट आधी काढावं लागतं, ऐनवेळी मिळत नाही.

आत मुख्य घुमटाखाली फोटोला बंदी आहे, काढू नका, उगाच शिट्ट्या खाल. तिथे जाळीच्या आत दिसतात त्या खऱ्या कबरी नाहीत, खऱ्या खाली तळघरात आहेत आणि त्या शहाजहानच्या उरुसाचे तीन दिवसच उघडतात. कारागिरांचे हात तोडले, पलीकडे काळा ताज बांधणार होता, हे गाईड रंगवून सांगतात, ऐकायला मजा येते पण पुरावा कशालाच नाही.

किल्ल्यात मात्र आपलं मराठी मन फसतं, तिथे नीट लक्ष द्या. काकांनी गाईडला विचारलं, महाराजांना कुठे ठेवलं होतं? त्यानं एका अंधाऱ्या खोलीकडे बोट दाखवलं, आम्ही सगळ्यांनी हात जोडले, काकूंच्या डोळ्यांत पाणी. नंतर वाचलं तर महाराज किल्ल्यात कैदेत नव्हतेच. 12 मे 1666 ला औरंगजेबाच्या वाढदिवसाच्या दरबाराला आले, मागच्या रांगेत उभं केलं म्हणून तिथेच भडकून बाहेर पडले, आणि मग किल्ल्याबाहेर मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा रामसिंग याच्या तळाजवळच्या जागेत, शहराचा कोतवाल फौलादखान याच्या पहाऱ्यात राहिले, तिथूनच ऑगस्टमध्ये निसटले. म्हणजे कोठडी शोधायचीच नाही, दिवाण-ए-खाससमोर पाच मिनिटं शांत उभं राहायचं. बाजूलाच मुसम्मन बुरूज, शहाजहान शेवटपर्यंत तिथून ताज बघत राहिला म्हणतात. तो गेला त्याच वर्षीच्या जानेवारीत, महाराज यायच्या चारच महिने आधी, हे कळल्यावर मला तर कसंतरीच झालं. किल्ल्याबाहेर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, रिक्षात बसायच्या घाईत तो बघायचा राहून जातो. आणि किल्ल्याचा मोठा भाग लष्कराकडे आहे, त्यामुळे "आम्हाला अर्धाच दाखवला" म्हणून गाईडशी भांडू नका.

फतेहपूर सिक्री साधारण 40 किलोमीटर, अर्धा दिवस हवाच, ताज-किल्ला-सिक्री एका दिवसात बसवायला गेलात तर फक्त पार्किंगं बघून याल. तिथल्या दर्ग्यात "चादर चढाओ" म्हणून जे मागे लागतात त्यांना आधीच नाही म्हणा, हातात चादर आली की भाव सुरू होतो. बुलंद दरवाजाच्या आत अनवाणी जावं लागतं आणि फरशी उन्हात तव्यासारखी तापते, पायात मोजे ठेवा.

संगमरवरी वस्तूंच्या दुकानात रिक्षावाला आपणहून नेत असेल तर त्याचं कमिशन तुमच्याच बिलात आहे हे धरून चाला. छोटा ताज घ्यायचाच असेल तर तळाला नखानं ओरखडून बघा, पूड निघाली तर तो संगमरवर नाही, मऊ दगड आहे.

पेठा म्हणजे आपला कोहळाच. एकाच नावाच्या पाट्या लागोपाठ दिसतात, पाटीवर जाऊ नका, आधी चाखा मग घ्या. नूरी दरवाजा भागात तो बनतो, तिथे ताजा मिळतो. प्रवासाला सुका पेठा घ्या. आम्ही हौसेनं पाकातला अंगुरी पेठा घेतला, तो डबा परतीच्या झेलममध्ये भोपाळच्या आसपास फुटला आणि सगळा पाक काकूंच्या पैठणीवर.